कडूबा मापारीचा धांडा

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत केशवराव अंबडकरांचा अवजारांचा कारखाना होता. पेरणीयंत्राचे फाळ, बियाण्याचे डबे, कुळवाच्या पासा असा माल तिथे निघायचा. त्या कारखान्यात रोज सकाळी आठच्या भोंग्याआधी एक माणूस हातात ज्वारीचा धांडा घेऊन हिंडायचा. नव्या कामगाराला वाटायचं, मालकाची गुरं सांभाळणारा कुणी असेल. तो कारखान्याचा वायरमन होता, कडूबा मापारी. प्रत्येक प्रेससमोर उभं राहून तो धांडा आत आडवा ठेवायचा आणि चालू करायची दोन्ही बटणं दाबायचा. प्रेस जागची हलली नाही, धांडा शाबूत राहिला, की प्रेस पास. मग पुढची. पावसाळ्यात वाळका धांडा मिळत नसे, म्हणून पत्र्याच्या खोलीत पेंढीभर साठा करून ठेवलेला.

कडूबाचा कशावरच विश्वास नव्हता. मेन स्विच स्वतःच्या हाताने पाडला, तरी वायरीला दोनदा टेस्टर लावणार, आणि आधी तोच टेस्टर चालू वायरीवर लावून तो टेस्टर खोटं बोलत नाही ना हे बघणार. घरी उषाबाई, म्हणजे त्याची बायको, गॅस बंद करून झोपायला आली की हा उठून बघून यायचा. "मी बंद केला म्हणलं तर तुमाला पटत का न्हाई?" असं ती विचारायची. "तुझ्यावर शक न्हाई, गॅसवर हाय," असं तो म्हणायचा. एसटीत बसला तर ड्रायव्हर दिसेल अशी जागा धरायचा आणि शहागडपर्यंत त्या बिचाऱ्याच्या मानेवर नजर लावून बसायचा. मूल जगावं, कुणाची नजर लागू नये म्हणून आईबापांनी त्याला असलं नाव ठेवलं होतं. ते मूल मोठं होऊन सगळ्या जगालाच नजर लावत बसेल हे त्यांना कुठून कळावं!

पण माणूस उगीच असा होत नाही. कडूबाही नव्हता.

आयटीआय करून १९८१ साली तो या कारखान्यात लागला, तेव्हा सगळ्यांसारखाच होता. हसायचा, पत्ते खेळायचा, लोकांनी सांगितलेलं खरं मानायचा. त्याच्याबरोबर शहागडकडचाच रखमाजी प्रेसवर लागला होता. दोघांची गावं तीन कोसांच्या अंतरावर, डबा एकत्र, दसऱ्या-दिवाळीची एसटीही एकच. तेव्हाच्या प्रेसला पुढून लोखंडी जाळी होती. जाळी खाली आल्याशिवाय प्रेस ठोका मारायची नाही. तिच्या बुडाशी एक छोटा स्विच होता, तो दाबला गेला की प्रेसला समजायचं, जाळी खाली आहे, माणसाचा हात बाहेर आहे.

१९८४ च्या उन्हाळ्यात तो स्विच बिघडला. नवा औरंगाबादहून यायचा होता. सुपरवायझर म्हणाला, "दोन दिवसांचा प्रश्न आहे, तार टाक." कडूबाने स्विचच्या दोन टोकांना वीतभर तार जोडली. आता जाळी वर असो की खाली, प्रेसला ती खालीच वाटणार होती. रखमाजीला हे कुणी सांगितलं नाही. सुपरवायझरला वाटलं कडूबा सांगेल, कडूबाला वाटलं सुपरवायझर सांगेल. दुपारी अडकलेला पत्रा सोडवायला रखमाजीने जाळी वर केली आणि उजवा हात आत घातला. त्याचा पाय पायडलवर होता. तीन बोटं गेली.

पुढचं कडूबाला असं आठवायचं: तो गेटवर पळत गेला, रस्त्यावरचा टेम्पो आडवा होऊन थांबवला, रखमाजीला दवाखान्याकडे रवाना केलं, आणि मग परत येऊन तार काढून खिशात घातली. हा क्रम त्याने स्वतःला इतक्या वेळा सांगितला होता की शाळेतल्या कवितेसारखा पाठ झाला होता.

दुसऱ्या दिवशी नवा स्विच आला आणि त्यानेच तो बसवला. तिसऱ्या दिवशी चौकशीला सरकारी साहेब आले. त्यांनी जाळी वर-खाली करून पाहिली, सगळं ठीक होतं. कामगाराचा निष्काळजीपणा, असा शेरा पडला. सुपरवायझर मूग गिळून बसला आणि कडूबाही. सुपरवायझर वर्षभरात नोकरी सोडून गेला. कडूबा राहिला. त्या आठवड्यापासून त्याच्या हातात धांडा आला: जाळी वर करून तो आत ठेवायचा आणि पायडल दाबून बघायचं.

रखमाजी शेतावर परत गेला. दर दसऱ्याला कडूबा गावी जायचा आणि शहागडच्या पलीकडे रखमाजीच्या ओट्यावर जाऊन त्याला आपट्याचं सोनं द्यायचा. रखमाजी उरलेल्या दोन बोटांच्या चिमटीत ते पान धरायचा, डोक्याला लावायचा, चहा पाजायचा. त्या दिवसाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. कडूबाच्या मनात मात्र शंकेची पाल चुकचुकत राहायची. याला माहीत आहे का? माहीत असून बोलत नाही, की माहीतच नाही? वीस वर्षं तो रखमाजीच्या तोंडाकडे बघत होता आणि त्याला काही वाचता येत नव्हतं.

रखमाजीचा मुलगा बद्रीनाथ बारावी होऊन घरी बसला, तेव्हा कडूबाने आपणहून त्याला कारखान्यात लावून घेतलं. पोरगा नेमका प्रेसवर गेला, तीन नंबरच्या. आता प्रेस हायड्रॉलिक आल्या होत्या आणि जाळ्या जाऊन दोन्ही हातांनी दाबायची बटणं आली होती. एका वेळी दोन्ही दाबली तरच प्रेस खाली येते, म्हणजे दोन्ही हात बाहेर. तेव्हा धांडा ठेवून एकेकच बटण दाबून बघायचं. पण चतुर कामगार एका बटणात सुपारी ठोकून बसवायचे आणि मोकळ्या हाताने माल ओढायचे. कडूबा अशा सुपाऱ्या खरवडून काढायचा आणि शिव्या द्यायचा. बद्रीनाथच्या बटणात त्याला कधी सुपारी सापडली नाही. त्याचाही त्याला संशयच यायचा.

२००३ साली पुण्याच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाने निरोप धाडला. प्रेसना धड सुरक्षायंत्रणा बसवा, नाहीतर पुढची ऑर्डर विसरा. केशवरावांची मुलगी अरुंधती इंजिनियर होऊन नुकतीच कारखान्यात आली होती. तिने महिनाभर कागद गोळा केले आणि एके दिवशी कडूबाला ऑफिसात बोलावून टेबलावर दोन चित्रं ठेवली.

"कडूबाकाका, चार प्रेस आहेत. प्रत्येकीपुढे उजेडाचा पडदा बसवायचा. किरणं आडवी जातात, हात मध्ये आला की प्रेस थांबते. शिवाय लाल बटणं, मागची दारं, दोन हातांची बटणं. हे सगळं पाहायला एक तर प्रत्येक गोष्टीला वेगळा सेफ्टी रिले लावायचा, म्हणजे असं कपाटभर वायरिंग. नाहीतर हा एकच पिवळा डबा. कशाने काय थांबवायचं ते कॉम्प्युटरवर मांडायचं आणि डब्यात भरायचं. उद्या पाचवी प्रेस आली तर वायरी उपसायला नकोत, मांडणी बदलायची."

"बदलायची," कडूबा म्हणाला. त्याला तेवढा एकच शब्द ऐकू आला होता. "म्हंजे बदलता येती."

"हो, तोच तर फायदा आहे."

"ताई, तार टाकली तर दिसती तरी. डब्यातलं कोनाला दिसनार?"

केशवरावांनी सांगून ठेवलं होतं, कडूबाची सही झाल्याशिवाय काही विकत घ्यायचं नाही. पुण्याहून डबा दाखवायला इंजिनियर आला, गळ्यात टाय, पायात चकचकीत बूट. कडूबाने त्याला चार तास सोडलं नाही. एक वायर तुटली तर? डबा थांबवतो. दोन वायरी एकमेकींना चिकटल्या तर? तेही ओळखतो. डब्याचंच डोकं फिरलं तर? आत दोन डोकी आहेत, एकमेकांवर नजर ठेवतात, मत जुळलं नाही तर प्रेस बंद. हे उत्तर कडूबाला मनापासून आवडलं, पण चेहऱ्यावर त्याने दाखवलं नाही. "ते सगळं ठीक हाय," तो म्हणाला, "पन मानसानंच मांडनी बदलली तर?"

"पासवर्ड आहे ना. आणि प्रत्येक मांडणीचा आपला एक आकडा असतो. आत एवढंसं जरी बदललं तरी डब्यावरचा आकडा बदलतो."

हे ऐकून कडूबा पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकला. रिलेच्या कपाटात कुणी मागून तार टाकली तर ती शोधायला अर्धा दिवस जातो, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? आणि हा डबा स्वतःच्या तोंडाने आकडा सांगणार होता. तरी त्याने सही लगेच केली नाही. दोन दिवस घरी नीट जेवला नाही. तिसऱ्या दिवशी अट घेऊन आला.

"डबा घ्या. पन पासवर्ड पुरता कोनापाशी ऱ्हायला न्हाई पायजे. अर्धा तुमच्यापाशी, अर्धा माझ्यापाशी. प्रेसला दोन हात लागतेत, तसे ह्यालाबी लागू द्या."

अरुंधती हसली, पण तिला ते पटलं. तिने आपले चार आकडे टाकले, मान फिरवली, आणि त्याने आपले टाकले. मांडणीचा आकडा कडूबाने पॅनेलच्या दारावर लाल रंगाने रंगवला. तेव्हापासून रोज सकाळी आधी आकडा, मग किरणांतून आत सरकवलेला धांडा आणि दोन्ही बटणं. जवळजवळ वर्षभर एकदाही आकडा चुकला नाही, एकही धांडा चेचला गेला नाही. आणि कडूबाला त्याचाही संशय यायचा, की इतकं कसं सुरळीत?

मग २००४ सालची खंडेनवमी आली, पडदे बसल्यानंतरची पहिलीच.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा. दरवर्षीची रीत अशी की पूजा झाली, नारळ फुटला, की हार अंगावर असतानाच तीन नंबरच्या प्रेसने मुहूर्ताचा एक ठोका मारायचा. त्या ठोक्याचा फाळ देवापुढे ठेवायचा. चढवलेला हार ठोक्याआधी उतरवणं म्हणजे अपशकुन. त्या वर्षी केशवरावांच्या पत्नी नीलावहिनींनी झेंडूचा हार चांगला दंडाएवढा जाड करवून आणला होता. तो प्रेसच्या कपाळावरून पडद्याच्या किरणांत लोंबत होता. बद्रीनाथने दोन्ही बटणं दाबली. प्रेस ढिम्म.

पडदा आपलं काम चोख करत होता. त्याला हात काय आणि झेंडू काय! पण भटजी घड्याळ बघायला लागले, पाहुणे कुजबुजायला लागले, नीलावहिनींचा चेहरा उतरला. "कडूबा, वर्षाचा मुहूर्त असा नको रे," त्या हात जोडून म्हणाल्या. "एकच ठोका."

अरुंधतीने कॉम्प्युटर आणला. "फक्त तीन नंबरचा पडदा काढून ठेवू, काका. एका ठोक्यापुरता." तिने आपले चार आकडे टाकले आणि त्याच्याकडे पाहिलं.

कडूबा दोन पावलं मागे सरकला. एकच ठोका, आणि दोन दिवसांचा प्रश्न, हे दोन्ही एकाच आवाजात आल्यासारखं त्याला वाटलं. पण समोर देव होता, मालकीणबाई हात जोडून उभ्या होत्या आणि सगळा कारखाना त्याच्या तोंडाकडे बघत होता. त्याने आपले चार आकडे टाकले. बद्रीनाथला चार पावलं लांब उभं केलं, बटणं स्वतः दाबली. ठोका पडला. टाळ्या झाल्या, पेढे फिरले. पाहुण्यांनी अरुंधतीला घेरलं. कडूबाची साडेपाचची एसटी होती. निघताना त्याने काचेतून पाहिलं, ताई कुणाला तरी प्रसाद देत होती. ताई शिकलेली आहे, करील परत, असं म्हणून तो निघाला. आयुष्यात त्या एका दिवशी त्याने दोनदा तपासलं नाही.

दसऱ्याला संध्याकाळी तो रखमाजीच्या ओट्यावर गेला आणि सोनं दिलं. रखमाजीने पान डोक्याला लावलं. मग कधी नव्हे ते विचारलं, "बद्रीची प्रेस बराबर हाय ना?"

"बिलकुल बराबर," कडूबा म्हणाला. पण मनात आलं, आजच का विचारलं याने?

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने तो निघाला. अंकुशनगरच्या फाट्यावर ऊसतोडीच्या टोळ्यांच्या गाड्या रस्ता अडवून उभ्या होत्या, तिथे अर्धा तास गेला. अंबडच्या स्टँडवर गाडी थांबली. कंडक्टर चहाला उतरला. कडूबा खिशातली सुपारी काढत होता, आणि हात तिथेच थांबला.

पासवर्ड अर्धा. अर्धा ताईपाशी, अर्धा माझ्यापाशी. मग पडदा परत लावायलाही दोघं लागतात. ताईने ठरवलं तरी तिला लावता येणार नव्हतं!

तो धावत फोनच्या दुकानात गेला. कारखान्याचा फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. घड्याळात पावणेआठ. ताई आता काय समजत असेल? हेच, की कडूबाकाका रोज आठच्या आत धांडा घेऊन फिरतात, त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. तिने त्याच्या संशयावर विश्वास ठेवला होता. आणि तो इथे अंबडच्या स्टँडवर होता. तीन नंबरवर बद्रीनाथ उभा राहणार होता, पडदा परत लागला असं समजून, जसा त्याचा बाप जाळी आहे असं समजून उभा होता.

जालन्यापर्यंतचा रस्ता त्याला कधी एवढा लांब वाटला नव्हता. खंडोबापासून जेवढे देव आठवले तेवढ्यांना त्याने हात जोडले, आणि मधेच त्याला स्वतःचाच राग आला, की देवासाठीच तर हे सगळं झालं होतं. स्टँडवरून रिक्षा केली. गेटमधून आत शिरला तेव्हा नऊला दहा मिनिटं कमी होती. आतून ठोक्यांचे आवाज येत होते. "बंद करा! तीन नंबर बंद करा!" असं ओरडत तो पळत सुटला.

एक, दोन आणि चार नंबर चालू होत्या. तीन नंबर उभी होती. तिच्यासमोर बियाण्याच्या उलट्या डब्यावर बद्रीनाथ मांडी घालून बसला होता. दोन्ही हात मांडीवर, दहाच्या दहा बोटं. पायाशी ज्वारीचा धांडा पडला होता, मधोमध चेचून कागदासारखा सपाट झालेला.

कडूबा तिथेच खाली बसला.

"मी चालू न्हाई केली, काका," बद्रीनाथ म्हणाला. "धांडा ठिवून बटनं दाबली, तर चेचला. तुमची वाट बघून राह्यलो."

"तुला कोनी सांगितलं धांडा लावायला? मी तर व्हतो न्हाई."

"मी रोजच लावतो. तुमी पास करून पुढं गेले की मंग माझा माझा एकदा लावतो. पाच वर्सं झाली."

"माझ्यामागून?" कडूबाला क्षणभर हसू आलं. "माझ्यावर शक व्हय रं तुला?"

बद्रीनाथने धांडा उचलला, त्याचा चेचलेला भाग बोटांनी चाचपला. मग खाली बघूनच बोलला.

"कामाला निघालो त्या दिवशी बाबानं सांगितल्तं. म्हनला, कडूबा मानूस वाईट न्हाई, तुला पोटच्या पोरासारखा बघंल. पन त्यानं पास केलेलं आपन एकदा तपासायचं. म्हनलं का? तर म्हनला, मी हात धरून खाली पडलो व्हतो, तवा मला दिसलं. त्यानं आधी तार काढली. मंग गाडी आनायला पळाला."

तीन प्रेसचे ठोके चालूच होते. कडूबाला ते ऐकू येईनात.

आधी तार. हो, तसंच झालं होतं. रखमाजी ओरडत होता आणि याने आधी वाकून जाळीच्या बुडाशी हात घातला होता. तार गरम होती, हाताला पोळली होती. ती खिशात घातली, आणि मग पळाला. वीस वर्षं साऱ्या जगावर नजर ठेवणाऱ्या माणसाने ही एक गोष्ट कधी तपासून पाहिली नव्हती. आणि रखमाजी ते जाणून दर दसऱ्याला त्याच्या हातचं सोनं डोक्याला लावत होता. कडूबाला इतकी लाज वाटली की जमीन दुभंगून आत घेईल तर बरं. आणि त्याच वेळी, या माणसाने आपल्यावर विश्वास ठेवला नाही, यासाठी त्याच्या पायावर डोकं ठेवावंसंही वाटलं. तेवढ्यामुळे पोराची बोटं जागेवर होती.

अरुंधती आली, तिने चेचलेला धांडा पाहिला आणि लगेच कॉम्प्युटर आणला. दोघांनी आपापले आकडे टाकले, पडदा परत लावला. डब्यावरचा आकडा दारावरच्या लाल आकड्याशी जुळला. कडूबाने धांडा ठेवून पाहिला, मग बद्रीनाथने ठेवून पाहिला. त्यानंतर कडूबा केशवरावांच्या ऑफिसात गेला, दार लावून घेतलं, आणि १९८४ ची तार कुणी टाकली आणि कुणी काढली ते सांगितलं. रखमाजीच्या नावापुढचा शेरा खोटा आहे, असं लिहून खाली सही केली. केशवरावांनी कागद वाचून ठेवून घेतला.

"आणि पासवर्ड बदला," कडूबा म्हणाला. "माझा अर्धा बद्रीनाथला द्या. त्याला माझ्यावर शक हाय, तोच बरा."

त्या संध्याकाळी कडूबा आणि बद्रीनाथ एकाच एसटीने शहागडला गेले. कडूबाने ड्रायव्हरच्या मानेकडे एकदाही पाहिलं नाही. रखमाजी ओट्यावर बसला होता. दोघांना एकत्र बघून त्याने आधी पोराच्या हातांकडे पाहिलं, मग चहा टाकायला सांगितलं. कडूबा त्याच्या समोर बसला, आणि वीस वर्षांत पहिल्यांदा त्याने सगळं बराबर क्रमाने सांगितलं. आधी तार, मग गाडी.